शाळांची सरकारी पोर्टलं: कोणतं चालतं, कोणतं अडतं

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांचा सरकारशी येणारा रोजचा संबंध आता चार-पाच पोर्टलांवरून येतो. शिक्षकांची पदं, पोषण आहाराचा तांदूळ, मुलाची बदली, शाळेचं मूल्यांकन या सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी कुठल्यातरी लॉगिनमध्ये भरलेला आकडा असतो. मोबाइल किंवा बँकेच्या अ‍ॅपचं परीक्षण होतं, तसं या पोर्टलांचंही व्हायला हवं. इथे तीन सेवा सविस्तर घेतल्या आहेत: शासन निर्णयांचं संकेतस्थळ, केंद्र सरकारचं यू-डायस प्लस (शाळा, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं पोर्टल) आणि राज्याचं सरल (तशाच नोंदींचं राज्याचं पोर्टल), त्यातल्या संचमान्यतेसह, म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशोबासह. बाकीच्या थोडक्यात.

आधीच सांगायचं तर, यातली निम्म्याहून जास्त डोकेदुखी पोर्टलच्या सर्व्हरमुळे होत नाही. एकाच मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (प्रवेशाच्या कायमच्या नोंदवहीत) एक, आधारवर दुसरं आणि पोर्टलवर तिसरं असतं, तिथून ती सुरू होते. हे जुलै-ऑगस्टमध्ये जुळवून घेतलं तर ही पोर्टलं बऱ्यापैकी चालतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुळवायला बसलात तर एकही चालणार नाही, आणि त्यात दोष सगळा पोर्टलचा नसेल.

शासन निर्णयांचं संकेतस्थळ: संग्रह उत्तम, वाटाड्या म्हणून कच्चं (पाचपैकी साडेतीन)

शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचा कुठलाही शासन निर्णय इथे फुकट, लॉगिनशिवाय आणि डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. ही सोय किती मोठी आहे हे शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या अर्धवट पीडीएफ पाहिल्या की कळतं. ग्रुपवर आलेल्या कागदाचं शेवटचं पान आधी उघडा. तिथे ‘सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक...’ असं वाक्य आणि पुढे १८ अंकी आकडा असतो. त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि तारखेचे. संकेतांक टाकून शोधल्यावर कागद सापडला तर तो खरा. सापडला नाही तर मुख्याध्यापकांनी त्यावर एकही पत्र काढू नये.

शोधताना शब्द टाकण्यापेक्षा विभाग निवडून तारखेची मर्यादा घालावी. शब्दाचा शोध शीर्षकावर चालतो आणि शीर्षकं एका साच्याची नसतात. ‘संचमान्यता’ कुठे जोडून, कुठे तोडून लिहिलेला असतो, कुठे नुसतं ‘शिक्षक पदे निश्चित करणे’ असतं. महिनाभराची यादी डोळ्यांखालून घालणं जास्त लवकर होतं.

कागद हातात आल्यावर क्रम असा ठेवा. आधी ‘वाचा’ या सदराखालची यादी पाहा, कारण नवा निर्णय कुठल्या जुन्या निर्णयांवर उभा आहे ते तिथे कळतं. मग शेवटचे दोन परिच्छेद, कारण ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’, म्हणजे जुना निर्णय बाद, हे शब्द बहुधा तिथे दडलेले असतात. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते. शासन निर्णय, परिपत्रक, शुद्धिपत्रक आणि पूरकपत्र यांत फरक आहे. शुद्धिपत्रक मूळ निर्णयातला मजकूर बदलतं, म्हणून ते मूळ कागदाला टाचूनच फायलीत ठेवावं.

इथेच या संकेतस्थळाची मोठी उणीव आहे. जुना निर्णय उघडला तर तो रद्द झाला आहे, बदलला आहे की चालू आहे, याची कसलीही खूण त्यावर नसते. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचंच बघा. १६ एप्रिल २०२५ चा निर्णय, त्यावर १७ जूनचं शुद्धिपत्रक आणि जूनअखेरीस दोन्ही रद्द. अडीच महिन्यांत तीन पावलं. नुसता एप्रिलचा कागद उघडणाऱ्याला पुढचं काही दिसणार नाही. पाठ्यपुस्तकांत वहीची पानं जोडण्याचा प्रयोग २०२३-२४ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला, तिथेही तीच गत. धोरण बदलणं हा सरकारचा अधिकार आहे. पण जुन्या कागदावर ‘रद्द, पाहा अमुक संकेतांक’ एवढी एक ओळ टाकायला काही अवघड तंत्रज्ञान लागत नाही.

दुसरी उणीव अशी की शिक्षण संचालक, आयुक्त आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी यांची पत्रं इथे नसतात. प्रत्यक्ष तारखा, नमुने आणि मुदती बहुतेक वेळा त्या पत्रांतच असतात. त्यामुळे धोरण काय हे इथे कळतं, उद्या नेमकं काय भरायचं ते पुन्हा आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच.

यू-डायस प्लस: क्रम पाळला तर चांगलं (पाचपैकी चार)

२०१२-१३ पासून यू-डायसचा छापील नमुना भरला जायचा, २०१८-१९ पासून यू-डायस प्लस आलं आणि २०२२-२३ पासून वर्गवार बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. शेवटचा बदल सगळ्यात मोठा. बेरीज फुगवणं सोपं असतं, नावानिशी मूल उभं करणं अवघड. देशाची पटसंख्या आधी २६ कोटींच्या वर दाखवली जायची, ती २०२३-२४ च्या अहवालात २४ कोटी ८० लाखांवर आली. जन्मदर घटतोय हे खरं, पण दुबार नावं गळाल्याचाही त्यात हात आहे.

शाळेचा कोड ११ अंकी असतो. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढचे दोन जिल्ह्याचे (पुणे २५), मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. दुसऱ्या शाळेतून मूल मागवताना एक अंक चुकला तर भलत्याच शाळेची यादी उघडते, म्हणून कोड दाखल्यावरूनच घ्यावा, आठवणीतून नको.

कामाचे तीन भाग आहेत: शाळेची माहिती व सुविधा, शिक्षक आणि विद्यार्थी. पहिले दोन वर्षातून एकदा नीट बसून भरले की संपतात. खरी कसरत विद्यार्थी भागात, आणि तिथे क्रम चुकला की काम दुप्पट होतं.

सुरुवात ‘प्रोग्रेशन’पासून करायची, म्हणजे मागच्या वर्षीचं प्रत्येक मूल पुढच्या वर्गात सरकवायचं. प्रत्येकासमोर निकाल, टक्केवारी, हजर दिवस आणि ‘याच शाळेत शिकतो’ की ‘दाखला घेऊन गेला’ हे भरावं लागतं. घाई इथेच नडते. चौथीपर्यंतच्या शाळेनं चौथीची मुलं ‘दाखला घेऊन गेला’ अशी नोंदवली तरच ती ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, पडतात. चुकून ‘याच शाळेत’ राहिली तर पाचवीच्या शाळेला ती दिसत नाहीत आणि जुलैभर दोन्ही मुख्याध्यापकांचे फोन सुरू राहतात. टक्केवारी आणि हजर दिवसांचा कागद निकालपत्रकावरून आधीच तयार करून ठेवला तर तीस मुलांचा वर्ग तासाभराच्या आत होतो. एकेका मुलासाठी रजिस्टर उलटत बसलात तर दिवस जातो.

मग आयात. बाहेरून आलेलं मूल त्याच्या पेन क्रमांकावर म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांकावर आणि जन्मतारखेवर शोधून घ्यायचं. जुन्या शाळेनं सोडलेलं नसेल तर ते कुठल्या शाळेत ‘सक्रिय’ आहे हे पोर्टल दाखवतं आणि तिथूनच मुक्त करण्याची विनंती पाठवता येते. ही सोय चांगली आहे, कारण विनंतीची नोंद राहते आणि ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. पेन क्रमांक दाखल्यावर लिहिलेला नसेल तर पालकांना परत पाठवू नका, जुन्या शाळेकडून फोनवर घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही.

नवी नोंद सगळ्यात शेवटी, आणि ती शक्यतो बालवाडी किंवा पहिलीच्या मुलांचीच. मूल सापडत नाही म्हणून तिसरी-चौथीच्या मुलाची थेट नवी नोंद करण्याचा मोह होतो. तसं केलं की एका मुलाचे दोन पेन क्रमांक तयार होतात. दुबार नोंद काढायची तर तालुक्याच्या लॉगिनपर्यंत जावं लागतं आणि तोवर आधार जुळणी दोन्हीकडे अडकून बसते.

प्रत्येक मुलाचे तीन भाग पूर्ण करायचे असतात, शाळेत त्यांना जीपी, ईपी आणि एफपी म्हणतात. सर्वसाधारण माहितीत नाव, आईवडील, आधार, मातृभाषा, प्रवर्ग, दिव्यांगत्व. प्रवेशाच्या भागात जनरल रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची तारीख, माध्यम, मागचा वर्ग. सुविधांच्या भागात मोफत पुस्तकं, गणवेश, शिवाय उंची आणि वजन. उंची-वजनाचे आकडे आरोग्य तपासणीच्या पथकाकडून त्याच दिवशी वर्गवार उतरवून घ्या. नाहीतर कुणीतरी टेबलाशी बसून अंदाजे १२० सेंटिमीटर भरत सुटतं आणि अख्खा वर्ग एका उंचीचा होतो. तपासणाऱ्याला हे एका नजरेत कळतं.

नावाची गाठ

यू-डायस प्लसवर शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव यांसाठी वेगळे रकाने आहेत. आधारची पडताळणी आधारच्या रकान्यावर होते, त्यामुळे ती सहसा लवकर हिरवी होते. पुढे अपार आयडी काढायला गेलं की मात्र दोन्ही नावं एक असावी लागतात आणि ‘नेम मिसमॅच’ असा शेरा येतो. अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक, डिजिलॉकरशी जोडलेला. तो काढायला पालकांचं लेखी संमतिपत्र लागतं. संमती न देणं हा पालकांचा अधिकार आहे आणि त्यासाठी मुलाचं काहीही अडवता येत नाही. ‘१०० टक्के अपार’ची यादी मागणाऱ्या वरिष्ठांना हे नम्रपणे, पण लेखी कळवावं.

नाव का जुळत नाही याची कारणं मोजकीच आहेत. जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. आधारवर कधी वडिलांचं नाव नसतं, कधी आडनाव नसतं. ‘श्रावणी’तला व कुणी व्ही लावून लिहितं, कुणी डब्ल्यू. ‘ज्ञानेश्वरी’ची सुरुवात तर डी, जे आणि जी अशा तिन्ही अक्षरांनी केलेली आढळते. जन्मतारखेत पहिली जानेवारी असेल तर आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं होतं असं बहुतेक वेळा निघतं. लिंगाची चूक कमी, पण ती सगळ्यात उशिरा लक्षात येते.

दुरुस्ती कुठे करायची हे ठरवण्याची साधी रीत आहे. जन्मदाखला हा पाया धरा. जनरल रजिस्टर जन्मदाखल्याशी जुळत असेल तर पालकांनी आधार केंद्रावर जाऊन आधार दुरुस्त करायचं, पोर्टलला हात लावायचा नाही. चूक पोर्टलवर टंकताना झाली असेल तर शाळेच्या लॉगिनमधून करा. नाव, जन्मतारीख आणि लिंग यांना शाळेला मर्यादित हात आहे, पुढचं काम तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या लॉगिनवरून होतं, म्हणून एक-एक मूल नेण्यापेक्षा यादी करून पुराव्यांसह एकदाच जा. आणि चूक जनरल रजिस्टरमध्येच असेल तर मुख्याध्यापकांनी परस्पर खाडाखोड करू नये. सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीनंतरच लाल शाईत दुरुस्ती, शेजारी मंजुरीचा क्रमांक व तारीख. आधारशी जुळावं म्हणून रजिस्टर बदलण्याचा जो उलटा प्रकार चालतो, त्याची किंमत दहावीच्या आवेदनपत्राच्या वेळी मोजावी लागते.

आणखी एक बारीक गोष्ट. आधारमध्ये पाच आणि पंधरा वर्षांच्या वयाला बोटांचे ठसे व बुबुळं अद्ययावत करणं बंधनकारक आहे. मूल सात वर्षांचं झाल्यावरही पाचव्या वर्षाचं अद्ययावतीकरण केलं नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. पहिली-दुसरीच्या पालकसभेत हे सांगून टाका, प्रगतिपुस्तकावर स्टॅम्प मारून दिला तरी चालेल.

सरल आणि संचमान्यता: गरज मोठी, सेवा थकलेली (पाचपैकी अडीच)

सरल २०१५ मध्ये सुरू झालं. त्याआधीचं कारण लक्षात ठेवायला हवं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरचा पट आणि बाकावरची मुलं यांतला फरक उघडा पडला. त्यानंतर मूल नावानिशी नोंदवल्याशिवाय पद नाही ही दिशा ठरली. दिशा योग्यच होती. सरलनं प्रत्येक मुलाला १९ अंकी आयडी दिला, बदलीची विनंती ऑनलाइन आणली. त्या काळी हे पुढचं पाऊल होतं.

आज मात्र तेच मूल दोन ठिकाणी भरावं लागतं, सरलवर आणि यू-डायस प्लसवर, दोन वेगळ्या क्रमांकांनी. सरलवरची बदली मंजूर झाली म्हणून यू-डायसवरची होत नाही, आणि उलटही नाही. त्यामुळे ३० सप्टेंबरच्या आधी दोन्हीकडचा वर्गवार पट समोरासमोर ठेवून जुळवणं हे वेगळंच काम होऊन बसलं आहे. कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने पुरतात: हजेरीपट, सरल, यू-डायस. फरक आला की नावानिशी उतरवा. बहुधा बदली होऊन आलेली आणि गेलेली मुलंच निघतात. एकच नोंद दोन्हीकडे वापरावी ही मागणी जुनी आहे आणि विभागाचा कलही आता यू-डायस प्लसकडे झुकतो आहे. तो पूर्ण होईल तेव्हा या परीक्षणातले गुण बदलतील.

संचमान्यता म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षकांची पदं मिळणार याचा हिशोब. सरलवर प्रत्येक मुलाच्या आधारची स्थिती तीनपैकी एक दिसते: व्हॅलिड, इनव्हॅलिड किंवा अनप्रोसेस्ड. अनप्रोसेस्ड म्हणजे तपासणीच झालेली नाही. पुष्कळ शाळा इनव्हॅलिडच्या मागे लागतात आणि अनप्रोसेस्डकडे बघत नाहीत, पण मोजणीत दोन्ही सारखीच नडतात.

हे किती महाग पडतं ते एका उदाहरणानं बघा. पहिली ते चौथीची शाळा, पट ६३. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे या शाळेला तीन शिक्षक. आता दोन मुलांचं आधार इनव्हॅलिड आणि एकाचं अनप्रोसेस्ड. मोजणीत धरला जाणारा पट ६०, आणि परिशिष्टाच्या तक्त्यात हात जातो थेट दोनच्या ओळीवर. तिन्ही मुलं रोज बाकावर बसतात, आहार घेतात, तरी तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो आणि समायोजनात दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो. तीन मुलांच्या नावांतली स्पेलिंगं, एवढंच कारण.

प्रत्यक्ष पडताळणी करून अशी मुलं धरण्याची सवलत मध्यंतरी दिली गेली होती. पण ती त्या-त्या वर्षीच्या पत्रावर अवलंबून असते, तिच्या भरवशावर बसू नये. आणि आधार नाही म्हणून प्रवेश नाकारणं कुठल्याही स्थितीत चुकीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मुख्याध्यापक दोन्हींच्या कात्रीत सापडतात: प्रवेश द्यायलाच हवा, पण पदासाठी ते मूल मोजलं जाईलच असं नाही. ही विसंगती पोर्टलची नाही, धोरणाची आहे, आणि गुण कापायचे तर इथेच सगळ्यात जास्त कापायला हवेत.

निकष कुठले लावायचे? २८ ऑगस्ट २०१५ चा निर्णय बरीच वर्षं आधार होता, मग १५ मार्च २०२४ चे सुधारित निकष आले. त्यात असलेलं पद टिकवायला लागणारा पट आणि नवं पद मिळायला लागणारा पट वेगळा धरला आहे, म्हणून तक्ता वाचताना आपली शाळा कुठल्या रकान्यात येते ते आधी ठरवा. सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या खाली गेला तर पदच शून्य, या तरतुदीवर सगळ्यात जास्त ओरड झाली. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, त्यामागे हेही एक कारण होतं. वाडी-वस्तीवरच्या सातवीपर्यंतच्या शाळेत सहावी-सातवी मिळून १४ मुलं असतात. त्यांना शिक्षक नाही म्हणजे ती मुलं पाच-सात किलोमीटरवरच्या शाळेत जाणार किंवा मुलींच्या बाबतीत घरी बसणार. पटाचा तक्ता मुंबई-पुण्याच्या वॉर्डाला आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्याला एकच लावला की हे होणारच.

मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून पट फॉरवर्ड करताना काही गोष्टी आधी बघा. माध्यम बरोबर आहे का, कारण पदं माध्यमनिहाय मिळतात आणि सेमी इंग्रजीची तुकडी चुकून वेगळं माध्यम म्हणून पडली तर पट दोन ठिकाणी फुटतो. कार्यरत पदांची माहिती भरली आहे का, शिक्षक आणि शिक्षकेतर दोन्ही. वर्गखोल्यांची संख्या खरी आहे का. फॉरवर्ड केल्यावर केंद्रप्रमुखांच्या लॉगिनवर तो पट पोहोचलेला दिसतो का हे त्याच दिवशी फोन करून विचारा. आणि प्रत्येक पायरीचा, वरच्या कोपऱ्यातल्या तारीख-वेळेसह, स्क्रीनशॉट घेऊन छापून फायलीला लावा. संचमान्यता चुकीची आली तर आक्षेप घ्यायला पुरावा म्हणून हा कागदच उपयोगी पडतो. ‘साइट बंद होती’ हे तोंडी सांगणं कुणी ऐकत नाही.

सरलच्या वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. मुदतीच्या आठवड्यात ते रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे बरं चालतं. शिक्षकांनी पहाटे उठून पोर्टल उघडावं अशी अपेक्षा कुठल्याही निर्णयात लिहिलेली नाही, तरी राज्यातल्या शिक्षकांची ती सवय झाली आहे.

स्थलांतराचा प्रश्न कुठल्याच पोर्टलला सुटलेला नाही

मोजणीची तारीख ३० सप्टेंबर. ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, घरून निघतात त्यानंतर, दिवाळीच्या आसपास. म्हणजे बीड किंवा धाराशिवच्या गावातला पट मोजून झाल्यावर मूल सांगली-कोल्हापूरच्या फडावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. कायमची बदली दाखवली तर मूळ शाळेचा पट घसरतो आणि परतल्यावर पुन्हा आयात करावी लागते. काहीच दाखवलं नाही तर कारखान्याजवळच्या शाळेत मूल बसतं, पण तिथल्या पोर्टलवर नसतं, आहाराच्या नोंदीतही अडचण येते. सध्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे दाखला न देता शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) द्यायचं, पेन क्रमांक त्यावर लिहायचा आणि परतल्यावर तिथल्या हजेरीचा उतारा घ्यायचा. गावातच हंगामी वसतिगृह असेल तर आजी-आजोबांकडे मुलाला ठेवायला पालक तयार होतात, तो पर्याय आधी तपासावा. पोर्टलमध्ये ‘तात्पुरतं स्थलांतर’ असा एक पर्याय असता तर हा कागदी खटाटोप वाचला असता.

बाकीचं थोडक्यात

विद्या समीक्षा केंद्राचा (शाळांची माहिती एकत्र करणाऱ्या राज्याच्या केंद्राचा) हजेरीचा बॉट डिसेंबर २०२३ पासून आहे. मोबाइलवर वर्ग निवडायचा, गैरहजर मुलांवर खूण करायची, पाठवायचं. नेटवर्क असेल तिथे पाच मिनिटांचं काम. सातपुड्यात किंवा भामरागडसारख्या भागात ते मिळणं हीच अडचण. फोन शिक्षकाचा, डेटाही शिक्षकाचा, याबद्दल एकदा स्पष्ट तरतूद व्हायला हवी. तीन गुण.

पोषण आहाराची रोजची नोंद साधी आहे आणि ठीक चालते. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे प्राथमिकची ४३ मुलं हजर असतील तर ४ किलो ३०० ग्रॅम. अडचण येते ती तीन आकड्यांत: हजेरीपटावर ४३, बॉटवर ४१, आहारात ४५ असं दिसलं की लेखापरीक्षणात प्रश्न विचारला जाणारच. दुपारच्या सुट्टीआधी तिन्ही आकडे एकाच व्यक्तीनं भरावेत, हा त्यावरचा सोपा उपाय. साडेतीन गुण.

शाळेच्या मूल्यांकनात आधी शाळासिद्धी होती, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. आता राज्याच्या आराखड्यात १२८ मानकं आहेत आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा. दोनशिक्षकी शाळेला १२८ पुरावे गोळा करायला लावणं हे अवाजवी आहे. स्वच्छतागृह, पाणी, रॅम्प यांचे फोटो जूनमध्येच तारखेसह काढून ठेवले तर तेच फोटो यू-डायसच्या सुविधांनाही चालतात. दोन गुण.

पालकांसाठी एक उपयोगी खिडकी

यू-डायस प्लसवर कुणालाही लॉगिनशिवाय आपल्या शाळेचं रिपोर्ट कार्ड पाहता येतं. ‘नो युवर स्कूल’ हा दुवा उघडून ११ अंकी कोड किंवा गावाचं नाव टाकायचं आणि वर्ष निवडायचं. वर्गवार पट, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे की नाही, पिण्याचं पाणी, वीज, संगणक, सगळं त्यात येतं. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के सदस्य पालक असतात, पण त्यांच्यातल्या फार थोड्यांनी हा कागद पाहिलेला असतो. ऑगस्टच्या सभेत तो छापून ठेवावा आणि प्रत्येक ओळ प्रत्यक्ष इमारतीशी ताडून बघावी. कागदावर ‘चालू’ असलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद घालून प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची आणि पोहोच घ्यायची. दुरुस्तीच्या अनुदानाची मागणी करताना हीच पोहोच जोडता येते, कारण पोर्टलवर सुविधा ‘आहे’ असं दिसत असेल तर नव्या मागणीला पहिला प्रश्न तोच विचारला जातो.